मे महिन्यात न लागलेलं दही

तारीख अठरा मे एकोणीसशे अठ्ठावन्न, वार रविवार. सकाळपासून उकाडा, वारा पडलेला. दुपारी मोशीच्या अंगाला ढग आले आणि न पडताच गेले.

...आणि मी म्हणतो, मागत काय होतो मी? सोनं मागत होतो? पाटीलकी मागत होतो? वाटीभर दही! तेही पुनावळ्यात, जिथं माणसं मोजायच्या आधी म्हशी मोजतात! आणि महिना कुठला? मे! अहो, मे महिन्यात दूध चुलीवरून उतरवलं आणि त्याच्यासमोर नुसतं 'दही' म्हटलं तरी त्याला आंबट ढेकर येतात. विरजण थोडं जास्त पडलं तर बायका हळहळतात, की गेलं, आंबून गेलं. अशा महिन्यात आमच्या घरी सकाळी मडक्यावरचं झाकण काढलं की आत काय? दूध! रात्री ठेवलं तसं, पांढरं, पातळ, शहाण्यासारखं बसलेलं दूध!

तुम्हाला सांगतो, सगळं त्या गळवापासून सुरू झालं. नाही, गळवाच्या आधी कारखान्यापासून. पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना निघाला तेव्हापासून मी, कोंडाजी, तिथं टाक्या धुतो. टाक्या म्हणजे तुमच्या न्हाणीतल्या नव्हेत, आमचं मारुतीचं देऊळ कळसासकट आत उभं राहील अशा टाक्या. आणि त्या टाक्यांत काय वाढवतात? बुरशी! हसू नका. भाकरीवर बुरशी आली की आमची कारभारीण अंबूबाई नाक मुरडून ती गुरांपुढं टाकते, आणि इथं त्याच बुरशीच्या भाऊबंदाला साखरपाणी पाजतात, वारा घालतात, ताप येऊ नये म्हणून थंड ठेवतात... एवढं मला लग्नात कुणी केलं नाही! आणि त्या टाकीत बाहेरचा एक जंतू शिरला की अख्खी टाकी गटारात. म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं, जंतू दिसला की मारायचा. आता जंतू दिसत नाही. पण मारायचा! मी इतका मन लावून शिकलो, की घरी आल्यावर सुद्धा थांबेना. तांब्या उकळून घे, चमचा उकळून घे. एकदा अंबूबाई देवळात गेलेली बघून तिचं विरजणाचं मडकं उकळलं. तिच्या सासूच्या वेळचं मडकं, कधी साबण न लागलेलं. ती आली, मडक्यातून वाफ बघितली आणि खाली बसली. म्हणाली, "अवं, कुणी मेलंय का, पाणी तापवलंय ते?"

तर गळू. मार्चात मानेवर गळू आलं, हे एवढं, लिंबाएवढं. मान वळेना. कुणी हाक मारली की सगळा माणूस वळवायचा. चिंचवडच्या डॉक्टरांनी सुया दिल्या पेनिसिलीनच्या, आणि वरून गिळायला पिवळ्या कॅप्सुला. मी सुई टोचून घेताना छाती पुढं काढली, म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ही आमच्या हाताखालची वस्तू!" डॉक्टर म्हणाले, "छाती नको, कंबर इकडं करा." गळू गेलं. पण जाताना माझं पोट घेऊन गेलं.

म्हणजे कसं? घोटभर चहा घेतला, की पोट नगाऱ्यासारखं तट्ट. दूध घेतलं, की नगारा वाजायला लागायचा. मग जे काही व्हायचं ते... आता इथं बायामाणसं आहेत, मी बोलत नाही. एवढंच सांगतो, की पुनावळ्यात कुणाच्या बांधावर आडोशाला बाभळ आहे आणि कुणाच्या नाही, हे तलाठ्याला विचारू नका, मला विचारा.

तुम्ही म्हणाल, मग पिऊ नका दूध. नाही पीत! मी कुठं पैलवान आहे? पण जावळाचं काय? हां, ते सांगायचं राहिलंच.

माझी एकुलती एक लेक, सोजरा. दिली चाकणला. व्याही नानासाहेब, दांडगा माणूस, आवाज असा की ओट्यावर बोलले की माळवदावरची कबुतरं उडतात. आता आमच्यात रीत अशी, की लेकीला मूल होईतोवर बापानं तिच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. पाणीसुद्धा! चार वर्षं मी चाकणला जातोय. उन्हातान्हातून जायचं, ओट्यावर बसायचं, जिभेचं चामडं झालेलं, आणि समोर नानासाहेब तांब्या तोंडापासून वीतभर उंच धरून घटाघटा पाणी पिणार. वर म्हणणार, "इवाई, तुमचं आपलं नेमाचं, न्हाईतर तुमालाबी दिलं असतं!" आणि आत दाराआड सोजरा. दिसत नाही, नुसती बांगडी वाजते. निघताना वेशीपर्यंत येणार आणि हळूच विचारणार, "आबा, तान लागली असंल न्हाई?" मी म्हणायचं, "न्हाई गं. स्टँडवर पितो."

चार वर्षं. मग नातू झाला. रीतीप्रमाणं आमच्याच घरी झाला, पाचव्या महिन्यात, याच एप्रिलच्या अखेरीला, मी मायलेकरांना चाकणला पोचवायला गेलो. तेव्हाच जेवलो असतो, पण नानासाहेबांनी हात आडवा केला. "आज न्हाई! जावळाच्या दिशी. मे महिन्यात. पंगत बसंल, पयलं पान तुमचं, आन बासुंदी! तुमच्या लेकीच्या हातची! दोन म्हशी हायेत इवाई, दूध आटवून आटवून रबडी करून घालतो तुमाला." आणि दाराआडून बांगडी नाही, या वेळी सोजराच बाहेर आली. म्हणाली, "आबा, तवा न्हाई म्हनायचं न्हाई हां." मी म्हणालो, "पातेलं पुसून खाईन."

आता सांगा! ज्या माणसाला चहातलं दूध सोसत नाही, त्यानं बासुंदी खायची! आणि नाही खाल्ली, तर नानासाहेब काय म्हणणार? की इवायाला आमचं अन्न चालत नाही. पोरीला त्याच घरात राहायचंय. आणि ती चार वर्षं दाराआड उभी होती, ते कशासाठी?

गेलो डॉक्टरांकडं. म्हटलं, काहीही करा, मे महिन्यापर्यंत हे पोट बासुंदीच्या लायकीचं करून द्या. डॉक्टरांनी पोट दाबलं, ठोकलं, आणि म्हणाले, "तुमचे जंतू मेले."

मी म्हटलं, "चांगलंच झालं की!"

"चांगलं कसं? चांगले मेले." मग ते मला समजावायला लागले. म्हणाले, आतड्याच्या भिंतीला पाचकरस असतात, इंग्रजीत एन्झाइम. एकेकाला एकेक काम. दुधातली साखर फोडणारा वेगळा, पीठ फोडणारा वेगळा. आणि आतड्यात राहतात चांगले जंतू, लाखांनी. ते पोटात हवा तेवढा आंबटपणा राखतात, वाईट जंतूंना पाय ठेवू देत नाहीत, काही काही तर स्वतःच साखर फोडायला हात लावतात. असं असलं की एन्झाइम नेटानं चालतात. तुमच्या कॅप्सुलांनी गळवाचे जंतू मारले आणि त्यांच्याबरोबर हेही गेले. आता एन्झाइम आहेत, पण मंद झालेत. दुधातली साखर न फुटता तशीच पुढं जाते, आणि मग...

मी म्हटलं, "मग बाभळ. कळलं. म्हणजे मुकादम नसलेली पाळी! माणसं हजर, हजेरी लागलेली, आणि काम करायचं सोडून सगळी विड्या ओढत बसलेली."

डॉक्टर म्हणाले, "तसं समजा. सगळं अजून आम्हालाही नीट कळलेलं नाही."

"मग नवा मुकादम आणायचा कुठून?"

"दह्यातून. रोज वाटीभर ताजं दही खा. दुसरं औषध नाही."

वाटीभर दही! मी रस्त्यात हसत हसत सायकल मारली. ज्याच्या दारात म्हैस, त्याला दही औषध म्हणून! अंबूबाईला सांगितलं, उद्यापासून रोज वाटीभर दही. ती म्हणाली, "लागंल तर दीन ना मी." मी म्हटलं, लागेल तर म्हणजे? ती म्हणाली, "आज चार दिस दही लागना झालंय. तुमी मडकं उकाळलं तवापासनं त्याचा जीवच गेला."

बघा! एक मडकं उकळलं, त्याचं किती दिवस ऐकायचं! मी म्हटलं, नवं विरजण आण. आणलं. नाही लागलं. दुसरीकडून आणलं. नाही लागलं. मडकं बदललं, जागा बदलली, मडक्याला गोधडी गुंडाळली, मे महिन्यात गोधडी! अंबूबाईनं मडक्याची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आम्हाला लागला, दह्याला काही नाही.

मग म्हटलं, विरजण कशाला, दहीच आणू शेजारून. मी कारखान्यातून घरी येणार दिवेलागणीला. वाटी घेऊन शेजारी मंजुळाबाईंच्या दारात. मंजुळाबाई म्हणजे आळीची मोठी बाई, मनाची चांगली, पण कोनाड्यातल्या दिव्याकडं बोट करून म्हणाल्या, "दिवं लागल्यात. दिवं लागल्यावर दही-विरजाण घराभायेर देत्यात व्हय? लक्षुमी जाती." पलीकडच्या घरी गेलो, तिथंही दिवे लागलेले. दिवे सगळीकडं एकदमच लागतात, त्याला कोण काय करणार? दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मागत काय होतो मी? वाटीभर दही!

रविवारी सुट्टी. भर सकाळी, सूर्य डोक्यावर यायच्या आत, मंजुळाबाईंच्या दारात. म्हटलं, आता कुठला दिवा लावता? बाई पदराशी चाळा करायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "कोंडाजीराव, कुनाला सांगू नगा. माजंबी दही लागना झालंय." आणि ती बाई, साठीची, डोळ्यांत पाणी! "सासरी आल्यापासनं कंदी असं झालं न्हवतं. माज्या हाताचा गुन गेला." म्हणजे इतके दिवस दिव्याचं नाव पुढं करून बाई झाकत होत्या! आणि आळीतल्या घरोघरी हेच. प्रत्येकीला वाटतंय आपलाच हात गेला, आणि प्रत्येकजणी दिव्याकडं बोट दाखवतेय!

मी पिंपरीच्या कँपात गेलो. तिथं एका सिंधी हॉटेलवाल्याकडं लस्सी मिळते, मलई तरंगते वर. म्हटलं, "शेठ, दही द्या वाटीभर." तो म्हणाला, "साईं, दही कहाँ से लाऊँ? आठ दिन से दूध जमता ही नहीं!" म्हटलं, दूध कुठलं? म्हणाला, "आपके ही गाँव का. बबनराव लाता है." बबनराव म्हणजे आमच्याच आळीचं दूध गोळा करून सायकलवरून पिंपरीला घालणारा! म्हटलं, हे काय माझ्या एकट्याच्या पोटाचं राहिलं नाही, काहीतरी अवकृपा आहे.

गुरुवारी परत डॉक्टरांकडं. रविवारी जावळ. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, दही लागतच नाही हो. आमचं नाही, शेजाऱ्यांचं नाही, आळीत कुणाचंच नाही."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "म्हशींना काही झालंय का?"

"झालं होतं. एप्रिलात दगडी आली होती. कास दगडासारखी, हात लावू देईनात."

"मग?"

"मग काय! बरी केली!" इथं मी खुर्चीत सरसावून बसलो. "पहिल्यांदा गुरांच्या डॉक्टरांनी आमच्या म्हशीच्या सडात पेनिसिलीन सोडलं. मी बघून ठेवलं. मग मीच पुण्याच्या औषधांच्या दुकानातून कुप्या आणल्या, पाणी उकळून, सगळं स्वच्छ, आणि सबंध आळीच्या म्हशींना सोडलं. आता तर दगडी येऊ नये म्हणूनसुद्धा सोडतो, दोन-तीन दिवसांआड. लोक मला डागतर म्हणतात, डॉक्टरसाहेब!"

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "कोंडाजी, सडात सोडलेलं दुधात उतरतं. आणि विरजण म्हणजे काय? जंतू. तुमच्या पोटात जे झालं, तेच मडक्यात झालं."

तुम्हाला सांगतो, खुर्चीत सरसावून बसलेला मी, परत मागं सरकलो. म्हणजे मीच! पोटातले मुकादम मारले ते कॅप्सुलांनी, आणि नवे मुकादम यायची वाट बंद केली ती मी! अख्ख्या आळीची!

"बंद करा आज," डॉक्टर म्हणाले. "तीन-चार दिवसांत दूध धुऊन निघेल."

"पण रविवारी बासुंदी आहे!"

"मग एक करा. चाकणला पानावर बसलात की आधी दही मागून घ्या. वाटीभर. दह्यातले जंतू दुधातली साखर फोडायला थोडी मदत करतात. बासुंदी त्याच्यावर, आणि तीही बेतानं."

मला धीर आला. चाकणला काय तोटा? दोन म्हशी! घरी जाऊन आळीत सांगितलं, औषध बंद. मंजुळाबाईंना सांगितलं, तुमचा हात शाबूत आहे, दोष माझा. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या आणि हसल्या.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी आणि अंबूबाई चाकणला. उकाडा असा की गाडीत माणसं शिजत होती. जावळ झालं. पोरानं गाव डोक्यावर घेतलं, डोकं गुळगुळीत झाल्यावर गप्प बसून स्वतःच चाचपून बघायला लागलं. मग पंगत. पहिलं पान माझं. आणि सोजरा तांब्याभांडं घेऊन आली. सगळ्यांसमोर. दाराआडून नाही. भांडं भरलं, माझ्या हातात दिलं. मी प्यालो. ती बघत होती. आणखी एक भांडं भरलं, तेही प्यालो. काय सांगू, गोड लागलं पाणी... चाकणचं पाणी, जरा मचूळच आहे, पण गोड लागलं.

मग मी नानासाहेबांच्या कानाशी गेलो. म्हटलं, "इवाई, एक मागायचंय. बासुंदीच्या आधी जरा वाटीभर दही..."

"दही?" माळवदावरची कबुतरं उडाली. "इवाई, तेवढं सोडून काय बी मागा! तीन दिस झालं, घरात दही लागंना! आवो, तुमचंच औशद!"

"माझं?"

"ईसरला? पोरीला सोडायला आलता तवा दोन कुप्या न्हवं का दिल्यात? सडात कसं सोडायचं ते बी दावलं!"

आणि मला आठवलं. नातवाला आंगडं-टोपडं, विहीणबाईंना खण आणि नानासाहेबांना काय द्यावं, तर तुम्हीच सांगा, ज्या घरचं पाणी प्यायचं नाही तिथं रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून ऐटीत पेनिसिलीनच्या दोन कुप्या.

मी म्हटलं, "पण दगडी झाली होती का म्हशींना?"

"छ्या! कुटली दगडी? कार्य हाय घरात, म्हनलं म्हशी खणखणीत ऱ्हायला पायजेत. दोन कुप्या, दोन म्हशी. पाव्हण्यानं एवढी पुण्याहून आणल्याली चीज, वाया घालवायची व्हय?"

"आणि शेजारी कुणाकडं..."

"शेजाऱ्यांचं दूध समदं बासुंदीला आनलं की! थेंब ठिवला न्हाई गल्लीत. इवायासाठी!"

आता सांगा, मागत काय होतो मी?

तेवढ्यात सोजरा पातेलं घेऊन वाकली. वाटी भरली. काठोकाठ. पहाटेपासून चुलीपुढं बसलेली, कपाळाला राख लागलेली. म्हणाली, "आबा, चाखून सांगा की. गोड झालीया का?"

मी डोळे मिटले आणि डॉक्टरांचं सगळं आठवलं. भिंत आठवली, एन्झाइम आठवले, विड्या ओढत बसलेली पाळी आठवली. मग डोळे उघडले.

बासुंदी तीन वाट्या खाल्ली. पातेलं पुसून खाल्लं. अंबूबाई आठवडाभरासाठी नातवापाशी मागं थांबली. मी अडीचच्या एसटीत बसलो. गाडी मोशीच्या पुलाअलीकडं एकदा थांबवली, पुलापलीकडं एकदा थांबवली. भोसरीच्या अलीकडं तिसऱ्यांदा उतरलो तेव्हा कंडक्टरनं माझी पिशवी खिडकीतून खाली दिली आणि घंटी मारली. तिथून पुनावळ्यापर्यंत चालत आलो. आळीत शिरलो तेव्हा मंजुळाबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "कोंडाजीराव, लागलं बरं का दही! चमचा उभा ऱ्हातोय!"

मी म्हटलं, "द्या वाटीभर."

त्यांनी मागं वळून कोनाड्याकडं बघितलं. दिवे लागले होते. दिलं नाही.